समेवाचून

मुक्तछंद शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक वाक्य हमखास सांगत आलो: छंद सुटला म्हणजे लय सुटली असे नव्हे. कवी अनिलांचा दाखला द्यायचा, दोनचार उदाहरणे द्यायची आणि तास संपवायचा. या वाक्यावर आमचा स्वतःचा कितपत विश्वास आहे, याची परीक्षा मात्र एका ध्वनिमुद्रिकेने घेतली.

मिल्फर्ड ग्रेव्हज या आफ्रिकी-अमेरिकी ड्रमवादकाच्या त्रयीची ती 'बॅबी'. २० मार्च १९७६ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय रेडिओ केंद्राच्या 'फ्री म्युझिक स्टोअर'मध्ये झालेली ही मैफल. सोबतीला आर्थर डॉयल आणि ह्यू ग्लोव्हर, दोघेही फुंकवाद्यांवर. पियानो नाही, बासही नाही. जॅझमध्ये बास म्हणजे पायाखालची जमीन. तीच काढून घेतलेली. सॅक्सोफोन सूर धरून ठेवत नाही, किंचाळतो. ड्रम कोणाची साथ करत नाहीत. तेच पुढे चालतात.

आमचे वडील भजनी मंडळात तबला वाजवत. घरी सराव करताना आमची सम चुकली की ते रागावत नसत, नुसते थांबत. ते थांबणे रागावण्याहून जड वाटे. 'बॅबी' प्रथम ऐकताना आमची बोटे आपोआप पेरांवर गेली. सोळा मात्रा मोजल्या, दहा मोजल्या, सात मोजल्या. सम कुठेच येईना. शेवटी 'हा निव्वळ गोंधळ' असे म्हणून आम्ही ऐकणे बंद केले. गोंधळालाही संबळाची लय असते, हे त्या वेळी सुचले नाही.

ग्रेव्हजला ताल कळत नव्हता म्हणावे, तर तो साठच्या दशकात वसंथा सिंग यांच्याकडे तबला शिकलेला. पुढे बेनिंग्टन कॉलेजात शिकवत असताना त्याने हृदयाच्या ठोक्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्याचे म्हणणे असे की, हृदय म्हणजे मेट्रोनोम नव्हे. दोन ठोक्यांमधले अंतर सतत बदलत असते. वैद्यकही हे मान्य करते.

वडिलांच्या अखेरच्या आजारपणात आम्ही त्यांची नाडी मोजत असू. एकदा डॉक्टरांना विचारले, "अंतर सारखे का नाही?" ते म्हणाले, "थोडे कमीजास्त असायचेच. निरोगी हृदयही घड्याळासारखे चालत नाही." वडील हसून म्हणाले, "म्हणजे सम नाहीच म्हणा."

ते गेल्यानंतर काही महिन्यांनी 'बॅबी' पुन्हा लावली. या खेपेस मोजले नाही. तेव्हा जाणवले की, तिघांचे दाट होणे आणि विरळ होणे श्वासासारखे आहे. एक ओसरतो तेव्हा दुसरा ती जागा भरतो. आणि कुठलीही खूण नसताना तिघे एकाच उंचीवर पोचतात. ठरलेल्या मात्रेवर भेटण्याऐवजी ते एकमेकांना ऐकून भेटतात.

यातून 'अनियमित तेवढे सारे जिवंत' असा सिद्धांत काढू नये. वडिलांचा आजार हृदयाचाच होता. ग्रेव्हजलाही २०१८ मध्ये हृदयाच्या अमायलॉयडोसिसचे निदान झाले, ज्यात हृदयाचा स्नायू ताठर होत जातो. १२ फेब्रुवारी २०२१ रोजी तो गेला. ज्या अवयवाचा त्याने आयुष्यभर अभ्यास केला, त्यानेच त्याला दगा दिला.

वर्गातले ते वाक्य आम्ही आजही सांगतो, पण त्यावर तास संपवत नाही. छंद सोडणाऱ्याला आधी तो हाती असावा लागतो, हे सांगतो. आणि छंद सोडताना काही गमावतेही, हेही सांगतो. समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलतात, तो आनंद 'बॅबी'त नाही. तो आम्हांला अजून हवासा वाटतो. ऐकताना बोटे आजही पेरांवर जातात, आणि कोणीतरी शेजारी थांबून राहिल्याचा भास होतो.