कोल्हापूरचीं बुजलेलीं तळीं

कोल्हापुरास येणारा पाहुणा अंबाबाईचें दर्शन घेतो, सवड असल्यास पन्हाळा पाहून येतो, आणि संध्याकाळीं रंकाळ्याच्या कांठीं भेळ खाऊन परतीची गाडी गांठतो. आमच्या घरीं उतरलेल्यांस मी आणखी एक फेरी घडवीत असतों. ती तळ्यांची. त्यांतील बहुतेक तळीं आज दिसत नाहींत, एवढीच काय ती अडचण!

आरंभ देवळाच्या आवारांतच करावा. तेथील मणिकर्णिका कुंड विसाव्या शतकांत बुजविलें गेलें व त्यावर बाग झाली. लहानपणीं आईचें बोट धरून मी तिच्याजवळून कितीदां गेलों असेन. पण खालीं कुंड आहे, हें मला कोणीं सांगितलें नाहीं. २०२० सालीं तें पुन्हां उकरण्यास आरंभ झाला, आणि मातीखालचें जुनें बांधकाम उजेडांत आलें. बाग काढून कुंड मोकळें करावें, असें ज्यांच्या मनांत आलें, त्यांचें मला कौतुक वाटतें.

तेथून चार पावलांवर कपिलतीर्थ. नांव तीर्थाचें, स्थान भाजीमंडईचें. पाण्याचा संबंध उरला आहे तो मेथीच्या जुड्यांवर शिंपडण्यापुरता.

पुढें खासबागेकडे वळावें. शाहू महाराजांनीं कुस्त्यांसाठीं बांधविलेलें हें वर्तुळाकार मैदान १९१२ सालीं पुरें झालें. लोकांच्या करमणुकीसाठीं राजानें केलेली इतकी नेटकी योजना मीं अन्यत्र पाहिली नाहीं. त्याच्याजवळच शाहू स्टेडियम आहे. पेठापेठांतील तालमींचे फुटबॉलचे संघ तेथें झुंजूं लागले म्हणजे अर्धें शहर तिकडे लोटतें. जेथें आज चेंडू उडतो, तेथें पूर्वीं रावणेश्वराचें तळें होतें. शेजारचें महादेवाचें देऊळ तेवढें जुन्या नांवाची साक्ष देतें.

परंतु माझे पाय खरे रेंगाळतात ते शिवाजी पेठेंतील गांधी मैदानावर. हें पूर्वींचें वरुणतीर्थ. तळें गेलें तरी ‘वरुणतीर्थ वेस’ हें नांव लोकांनीं सोडलें नाहीं. मोठमोठ्या सभा येथें होतात, मुलें खेळतात, म्हातारे हवा खातात. आणि पावसाळा आला कीं पाणी साचतें. शिक्षक असतांना मी मुलांचा कबड्डीचा संघ येथें आणीत असें. एके वर्षीं आषाढांत चुन्याच्या रेघा आंखून आम्ही घरीं गेलों, आणि सकाळीं येऊन पाहतों तों रेघा नाहींत, मैदान नाहीं, सारें जलमय! मीं कपाळास हात लावला. कट्ट्यावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “मास्तर, पाण्याला कशाला बोल लावताय? ते आपल्या घरात आलंय. भाडेकरू आपणच की!”

भराव घालून मैदान उंच करावें, अशा अर्थाचा एक अर्ज त्या वेळीं माझ्या खिशांत होता. सुवाच्य अक्षरांत, दोन प्रतींत. तो मीं टपालांत टाकला नाहीं. आपल्या धर्मशास्त्रानें विहीर, तळें, देवालय, अन्नदान आणि बाग यांस ‘पूर्त’ या एकाच नांवाखालीं गुंफिलें आहे. आणि मी जन्मभर संस्कृत शिकवून त्यांतील एकासाठीं दुसऱ्याचा गळा दाबावयास निघालों होतों! मुलांस मैदान नको असें मी म्हणत नाहीं. पण पावसाळ्यांत त्या मैदानानें थोडे दिवस तळें व्हावें, याचा मला आतां राग येत नाहीं. इतकें पाणी तेथें जिरलें नाहीं, तर तें शेजाऱ्यांच्या उंबऱ्यांत शिरणार, हा तर साधा हिशेब आहे. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत पंचगंगेनें आम्हांस तो शिकविला.

शेवटीं रंकाळा. मंदिरासाठीं दगड काढलेल्या खाणींतून तो झाला असें परंपरा सांगते. नांव मात्र रंकभैरवाचें. उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं संध्यामठ उघडा पडतो, आणि पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा दिसतो. कांठावर उद्यान, चौपाटी, फिरावयास वाट, सारें आहे. तथापि शहराचें सांडपाणी नाल्यांतून आंत येत राहिल्यानें केंदाळ माजलें, आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तर शेवाळानें पाणी गर्द हिरवें होऊन दुर्गंधि सुटली. तेव्हां कांठची शोभा पाहण्यास कोण बसणार? मला विचाराल, तर आधीं नाले अडवावेत, दिव्यांच्या माळा मागाहून लावाव्यात. दिव्यांचें उद्घाटन करतां येतें, नाल्याचें येत नाहीं. म्हणून हा क्रम उलटतो, असा मला संशय आहे.

ही फेरी पायींच करावी. घाई न करतां दोन-अडीच तासांत होते. श्रावणांत, सर पडून गेल्यावर निघालांत, तर वरुणतीर्थ स्वतःच भेटेल. पायांत वहाणा मात्र जुन्या असाव्यात.