पुरेसे कारण

आषाढातली संध्याकाळ होती. बाहेर पाऊस कोसळत होता, देवळातल्या सांजआरतीची घंटा त्या धारांतून अस्पष्ट ऐकू येत होती, आणि मी माझ्या कचेरीत एका हट्टी पेटीपुढे हतबुद्ध होऊन बसलो होतो. एका कुळाच्या महाजनपणाचा वाद जिल्हा न्यायालयात अपिलात न्यावयाचा होता. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा अपिलास 30 दिवस मिळतात. दुसरा दिवस तिसावा होता. मसुदा, महाजनांच्या जुन्या यादीच्या प्रतिमा, सारे त्या संगणकात. कळ दाबली की दिवा लागे, पंखा घरघरे, एक लांब शिट्टी पुन्हा पुन्हा वाजे. पडदा मात्र काळाच राही.

अशा वेळी माणूस कारण शोधीत नाही, आरोपी शोधतो. दुपारी माझा तरुण कारकून त्या यंत्रावर काम करीत होता. "तूच काहीतरी बिघडवलेस," मी म्हणालो. वीस वर्षे 'पुरावा काय?' असे इतरांना विचारीत आलेल्या मी पुराव्यावाचून निकाल दिला. तो एवढेच म्हणाला, "बाब, एकदा पाहू?"

मग त्याने जे केले, ती एक शिस्तशीर उलटतपासणीच होती. पडद्याची तार काढून पुन्हा बसवली. पडदा निर्दोष ठरला. नंतर तो ती शिट्टी ऐकत राहिला. संगणक सुरू होताना प्रथम स्वतःची तपासणी करतो आणि कोठे अडखळला तर शिट्ट्यांनी ते सांगतो. हे संकेत निर्मात्यागणिक वेगळे असतात. त्याने यंत्राची पुस्तिका काढली; लांब शिट्टीचा रोख मेमरीकडे होता. जिला मी नुसता गोंगाट समजलो होतो, ती साक्ष होती.

त्याने विजेची तार उपसली, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून कळ काही क्षण दाबून धरली, पेटीच्या उघड्या धातूला हात लावला आणि मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसली. एक पट्टी बसवली, पडदा उजळला! ती काढून त्याच खाचेत दुसरी बसवली, पुन्हा शिट्टी. खाच निर्दोष, पट्टी सदोष. एका पट्टीवर संगणक सुरू झाला.

"आणि झाला नसता तर?" मी विचारले.

"तरी कागद गेले नसते, बाब. मेमरी कामापुरतीच स्मरते. लिहिलेले डिस्कवर राहते. ती दुसऱ्या संगणकाला जोडता आली असती."

म्हणजे माझी भीतीही निराधार, आणि आरोपही. दाराशी आलेल्या पाहुण्याचे नाव न विचारता त्याला चोर म्हणावे, तसे मी वागलो होतो.

मुदत कायद्याच्या कलम 5 प्रमाणे पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होतो. माझ्या घाईला मात्र असे कोणतेही कारण नव्हते. छपाई चालू असताना मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला.

"असू द्या, बाब. आधी सही करा."

अपील मुदतीत दाखल झाले. तेव्हापासून प्रत्येक कागदाची दुसरी प्रत मी निराळ्या जागी ठेवतो, आणि कोणाला दोष देण्यापूर्वी शिट्टी नीट ऐकतो.