मोकळीक

नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्याच गावचा एक तरुण शर्यतीच्या गाडीचे इंजिन उघडून वृद्ध मिस्त्रींसमोर बसला होता. गाडीसाठी वडिलांनी उसाच्या बिलातून पैसे दिले होते. म्हणून त्याच्या मनावर वेगाच्या ओढीइतकेच त्या पैशांचेही ओझे होते.

हेडमधील हायड्रॉलिक लिफ्टर काढून सॉलिड लिफ्टर बसवावेत, असा त्याचा आग्रह. मिस्त्रींनी आधी जुन्या लिफ्टरचे काम सांगितले. त्याच्या पोटात तेल भरते, त्या तेलाच्या दाबाने कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यातील फट आपोआप बुजते. म्हणून गाडी शांत चालते आणि टॅपेट सेटिंगची कटकट राहत नाही. मात्र इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेऊ लागले, की कॅम ३५०० फेरे घेतो. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ५८ वेळा उघडतो. स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्ह क्षणभर कॅमपासून सुटला, की लिफ्टर ती फट तेलाने भरून काढतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि ताकद गळते.

“म्हणजे सॉलिडच बरे ना, अण्णा?” तरुणाने उतावीळपणे विचारले.

“बरे, पण ते स्वतःची काळजी घेत नाहीत. ती तुला घ्यावी लागेल.”

नुसते लिफ्टर बदलून भागणार नव्हते. कॅमची घडण त्यांना साजेशी हवी, स्प्रिंगही कडक हवी. मिस्त्रींनी फीलर गेजची पाती पुढे केली. थंड इंजिनात व्हॉल्व्हपाशी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, कंपनीच्या मापानुसार, मोकळीक ठेवायची. एक्झॉस्टला बहुधा थोडी अधिक, कारण तो जास्त तापतो. तापलेली दांडी लांबते. तिला जागा नसेल, तर व्हॉल्व्ह बसकणीवर टेकत नाही आणि त्याची कड जळते. जागा फार असेल, तर प्रत्येक फेरीला घाव बसतो.

“आमच्या गावाने वेग पाहिलाय, अण्णा,” तरुण हसून म्हणाला.

मिस्त्री गंभीर झाले. “प्रतापराव परत येण्यासाठी निघाले नव्हते. तुला मात्र दर शर्यतीनंतर घरी यायचे आहे. वडील वाट पाहतात.”

तरुण काही बोलला नाही. संध्याकाळपर्यंत त्याने एकेक फट स्वतः मोजली. दोन ठिकाणी शिम बदलून पुन्हा मोजली. इंजिन सुरू झाले, तेव्हा पूर्वीची शांतता नव्हती. बारीक, एकसारखी टिकटिक होती. तरुणाच्या चेहऱ्यावर शंका दिसताच मिस्त्री म्हणाले, “हा बिघाड नव्हे. मोकळीक शाबूत असल्याची खूण आहे. हा आवाज ओळखून ठेव. बदलला, की थांब.”

गाडी नेसरीकडे निघाली, तेव्हा तिचा वेग बेताचाच होता.