पत

शिक्षा भोगून कळंबला परतलेला एक गृहस्थ आम्हांस म्हणाला, "फादर, शिक्षा संपली, पण कर्जाला जामीन राहायला कुणी तयार नाही." आम्ही खाली पाहिले, आमचाही हात सहीसाठी पुढे झाला नव्हता.

१ मे २०२२ रोजी येरवडा कारागृहात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' योजना सुरू झाली. बंदिजनांना जामीनदाराविना, ७ टक्के व्याजाने, ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज. परतफेड कारागृहातील श्रमाच्या कमाईतून. गजाआडच्या माणसाचे श्रम बँकेस पुरेसे वाटतात, आणि सुटून आलेल्याचे आम्हां शेजाऱ्यांस अपुरे! पत म्हणजे शेजाऱ्यांचा परस्पर विश्वास, हे १९१८ साली बॅसीन कॅथलिक बँक उभारणाऱ्या आपल्या पूर्वजांस ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सही केली. पहिला हप्ता वेळेवर भरला गेला. पावती दाखवावयास तो स्वतः आला. या खेपेस त्याची नजर वर होती, आणि आमचीही.