दम आधी वाढतो, हाड मागून येतं

पोलीस भरतीची जाहिरात आली की आमच्या जालन्यातल्या दवाखान्यात नडगी धरून येणारी मुलं-मुली वाढतात. कुणी मंठ्याचं, कुणी परतूरचं, कुणी भोकरदनचं. तक्रार जवळजवळ सारखीच असते : "डॉक्टर, दम तर मस्त वाढला होता, पण आता पायच टेकवत नाही." या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडतात, ते आज सांगतो. तुम्ही भरतीसाठी धावत असा किंवा चाळिशीनंतर साखर आटोक्यात ठेवण्यासाठी, हे दोघांनाही लागू आहे.

दम वाढतो म्हणजे काय होतं?

नियमित धावायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात. म्हणून महिन्या-दीड महिन्यात धाप कमी झाल्यासारखी वाटते.

हाडाचं गणित वेगळं आहे. ताण पडला की शरीर आधी थोडं जुनं हाड खरवडून काढतं, मग तिथे नवं भरतं. हे एक चक्र पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. दम वाढल्याच्या आनंदात तुम्ही अंतर दुप्पट करता, तेव्हा नडगीचं हाड नेमकं कच्चं असतं. त्यात बारीक चीर पडते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेमध्ये बहुतेकदा दिसत नाही. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून धावत राहू नका. नडगीवर बोटभर जागेवर दाबल्यावर दुखत असेल, तर धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मुलं मला शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळे यांचं उदाहरण देतात. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवलं. पण लहानपणी शाळेसाठी त्यांची रोज काही किलोमीटरची पायपीट होती आणि स्पर्धेत ते उतरले सैन्यात गेल्यावर. पायांची तयारी कित्येक वर्षं आधीपासून चालू होती.

सुरुवात कशी करावी?

१. आठवड्यातून तीनच दिवस धावा, एक दिवस सोडून. मधल्या दिवशी चाला किंवा सायकल चालवा.

२. पाच मिनिटं भरभर चाला. मग एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटं चाला. असं आठ वेळा. दर आठवड्याला धावण्याची वेळ थोडी वाढवा. दोन-अडीच महिन्यांत सलग अर्धा तास जमू शकतं. नाही जमलं, तर तोच आठवडा पुन्हा करा.

३. वेग ठरवायला घड्याळ नको. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना शब्द तुटत असतील, तर वेग कमी करा. मोती तलावाच्या बाजूला सकाळी गप्पा मारत धावणारी जोडी मला दिसते, तेव्हा त्यांची मला काळजी वाटत नाही.

४. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करा. हाडाला भरून यायला सवड मिळते.

भरतीच्या मुलांना हा वेग फार कमी वाटतो, कारण शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण पुरुषांच्या १६०० मीटर आणि महिलांच्या ८०० मीटर धावण्याला असतात. वेग लागतोच, पण तो शेवटच्या दोन महिन्यांत, आठवड्यातून एकदा-दोनदा, तयार झालेल्या पायांवर चढवायचा असतो. म्हणून सुरुवात जाहिरातीनंतर नको, निदान सहा महिने आधी करा.

ऊन, गोळ्या आणि रक्त

२०२४ मध्ये झारखंडमध्ये शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावण्यात दहाहून अधिक उमेदवार दगावले. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत ऊन चढायच्या आत घरी या. उन्हात धावण्याची सवय शरीराला लागायला दहा ते चौदा दिवस हळूहळू सराव लागतो. धावताना डोकं भणभणलं, मळमळलं किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच सावलीत न्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि दवाखाना गाठा.

दुखणं दाबायला गोळी किंवा इंजेक्शन घेऊन धावू नका. उन्हात पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांना वेदनाशामक औषधं घातक ठरू शकतात, आणि दुखणं कळलं नाही की बारीक चिरीचा पूर्ण फ्रॅक्चर होतो.

मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असेल, तर सराव कितीही वाढवला तरी दम वाढत नाही. धावायला लागल्यावर पाळी बंद झाली, तरी दाखवा. खाणं कमी पडत असल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्याने हाडंही कमजोर होतात.

धावताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, किंवा बीपी-शुगर असेल, तर आधी तपासणी आणि ईसीजी, मगच बूट घाला.

बाकी सगळ्यांनी उद्या सकाळी एक मिनिट धावून दोन मिनिटं चालावं. पहिल्या आठवड्याला तेवढं पुरे.