निजवणे

आपल्या भाषेत लहान मूल निजत नाही. त्याला निजवावे लागते. मोठी माणसे निजतात, म्हातारी माणसे नुसती पडून राहतात, विद्यार्थी पुस्तकावर डुलक्या घेतात. पण मुलाच्या झोपेला कर्ता दुसराच कोणीतरी लागतो. पाळणा हवा, मांडी हवी, पाठीवर थोपटणारा हात हवा. व्याकरणातला हा प्रयोजक प्रयोग कुत्र्याच्या पिलालाही चालतो, हे मला साठी उलटल्यावर कळले.

पिलू आमच्या धाकटीने आणले. त्याची आई टिळक रस्त्यावर मोटारीखाली गेली. दोन भावंडांना कोणी कोणी नेले, हे उरले. डॉक्टरांनी दात पाहून वय पाच-सहा आठवडे सांगितले. वस्तुतः आठ आठवड्यांच्या आत पिलाला आईपासून तोडू नये असा दंडक आहे. पण मोटारींना दंडक ठाऊक नसतात. अंग बदामी, कपाळावर पांढरा उभा टिळा. तो पाहून आमच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने त्याचे नाव 'बुवा' ठेवून टाकले.

आता आमचे घर सदाशिव पेठेत. पूर्वी तिथे वाडा होता, आज चार मजली इमारत आहे. वाड्यातले कुत्रे देवडीत पडून असे. ते रात्री रडले तर वाड्याचे कुत्रे रडे. फ्लॅटमधले कुत्रे मात्र तुमचे रडते. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पहाटे पाचला उठून कामावर जातात. आमच्या घरात वडील गेल्यापासून आईची झोप चिमणीसारखी झालेली. सौ.ने पहिल्याच दिवशी मुदत घातली : आठ दिवस. तेवढ्यात घरात झोप आली नाही तर बुवांची रवानगी सासवडकडच्या एका शेतावर. मुदत अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही.

पहिली रात्र स्वयंपाकघरात, आंब्याच्या खोक्यात गेली. साडेअकराला रडणे सुरू झाले. प्रथम बारीक कुईकुई, मग जरा वेळ थांबून कानोसा, आणि मग मान वर करून काढलेला असा एक लांब सूर, की एवढ्याशा छातीत तो मावला कसा याचे नवल वाटावे. ज्या घरात चौऱ्याऐंशीचे माणूस आहे त्या घरात रात्री कुत्रे रडले की काय मनात येते, ते मराठी वाचकाला सांगायला नको. आम्ही दोघे अंधारात डोळे उघडे ठेवून गप्प होतो. सौ.च्याही मनात तेच होते. शेवटी आईच पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "अरे, यमाला नाही बोलवत ते. आईला बोलवतंय."

दुसऱ्या दिवशी सल्ल्यांचा पाऊस पडला. पुण्यात सल्ला मागावा लागत नाही. त्यात दोन पंथ दिसले. पहिला म्हणे, दार लावून घ्या, रडू द्या, तीन रात्रींत गप्प बसते. दुसरा म्हणे, जवळ घ्या. पहिल्या पंथाचा अनुभव खोटा नाही. पिलू गप्प बसते खरे. पण गप्प बसणे म्हणजे निजणे नव्हे, एवढे कोणत्याही मोठ्या कुटुंबात वाढलेल्या माणसाला कळावे. आंधळे जन्मलेले हे पिलू. दोन आठवड्यांनी डोळे उघडतात. सुरुवातीला त्याला स्वतःच्या अंगाची ऊबही राखता येत नाही, म्हणून सगळी भावंडे ढीग करून निजतात. जन्मात एकटे न निजलेल्या जिवाला आपण एकदम फरशीवरच्या खोक्यात ठेवतो आणि त्याने समंजसपणा दाखवावा अशी अपेक्षा करतो! अमेरिकेत हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञाने माकडांच्या पिलांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या. एक तारेची, दूध देणारी, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या आईपाशी असले तरी पिले दिवसभर बिलगत ती कापडाच्या आईला. हे त्याने १९५८ साली जाहीर केले. प्रयोग निष्ठुर होता, आणि निष्कर्ष आपल्या आजीला ठाऊक होता.

या संदर्भात मला आपल्याच गावच्या एका ग्रंथाची आठवण होते. महाभारताची चिकित्सित आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत सिद्ध होत होती. तिच्या आदिपर्वाचा तिसरा अध्याय उघडावा. कुरुक्षेत्री जनमेजयाचे सत्र चालले आहे. तिथे कुत्र्याचे एक पिलू येते, राजाचे भाऊ त्याला मारतात, आणि ते रडत आपल्या आईकडे, देवशुनी सरमेकडे जाते. ती आधी विचारते, तूच काही आगळीक केली असशील. ते सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटलेही नाही. मग सरमा थेट सत्रात जाऊन जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही, तेव्हा शाप देते : न दिसणारे भय तुझ्यावर येईल. राजा इतका घाबरतो की त्या शापाचे निवारण करील असा पुरोहित शोधत हिंडतो. एवढ्या प्रचंड ग्रंथात पुढे अठरा अक्षौहिणी सैन्य मरायचे आहे, पण आरंभी आहे ते एका पिलाचे रडणे; आणि शेवटी धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेलेले कुत्रे. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, तेही आपण कौतुकाने सांगतो. ते कुत्रे रात्री कोठे निजले, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

दुसऱ्या रात्री खोके आईच्या खोलीत, तिच्या दिवाणाला लागून गेले. हा निर्णय तिचा. त्यात तिचे जुने लुगडे, लुगड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, आणि टॉवेलात गुंडाळलेले चावीचे घड्याळ. घड्याळाची टिकटिक आईच्या काळजासारखी वाटते म्हणतात. मला त्याची शंकाच आहे. बुवांनी ते एकदा हुंगले आणि त्याकडे पाठ केली. पिशवीचा उपयोग झाला, पण दोनला ती गार झाली. त्यानंतर उपयोगी पडला तो आईचा हात. कुशीवर वळून तिने तो खाली खोक्यात सोडला होता. बुवांनी त्यावर हनुवटी टेकली आणि सुस्कारा टाकला.

राहिली दुसरी अडचण. एवढ्या लहान पिलाला रात्रभर धरवत नाही. म्हणजे त्याच्या रडण्याचे अर्थ दोन : 'मी एकटा आहे' आणि 'मला बाहेर न्या'. पहिल्याला हात पुरतो, दुसऱ्याला पुरत नाही. लसी झाल्या नव्हत्या, त्यामुळे रस्त्यावर पाऊल टेकवायचे नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. रस्त्यावरून पार्वोसारखा रोग घरात येतो आणि पिले दगावतात. तेव्हा गॅलरीत वर्तमानपत्रे पसरली. अग्रलेखाचे पान वर येऊ द्यायचे नाही, एवढी सौ.ची अट. संध्याकाळी लवकर जेवण, मग खेळ, अकराला गॅलरी. मोबाइलवर दोनचा आणि पाचचा गजर. त्याने रडायच्या आत उचलायचे, दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही, काम झाले की परत खोक्यात. बोललात की खेळ सुरू झाला म्हणून समजा. न बोलणे हा भाग मला सर्वांत जड गेला.

आठव्या दिवशी सौ.ने मुदतीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. पुढे दोनचा गजर अडीचवर गेला, अडीचचा तीनवर, आणि तीन महिन्यांचे झाल्यावर बुवा अकरा ते पाच सलग झोपू लागले. खालचे गृहस्थ एकदा जिन्यात भेटले. "दिलंत का हो ते पिल्लू?" मी म्हटले, "नाही, झोपतं आता." ते जरा विचारात पडले. म्हणाले, "तरीच परवा मला उठायला उशीर झाला."

आईला मी विचारले, तुझी झोप मोडत असेल ना. ती म्हणाली, "मोडत होतीच ती. आता मोडते तेव्हा हाताला काहीतरी लागतं."

बुवा आता पाच महिन्यांचे आहेत. लसी झाल्या, खोके त्यांनी कडेने कुरतडून संपवले, आणि निजायला ते उंबऱ्यापाशी पोत्यावर जातात. पहाटे कधीतरी दिवाणाखाली येतात. आईचा हात अजून रात्री खाली लोंबतो. खांदा धरतो म्हणून सौ.ने त्याखाली एक उशी दिली आहे.