टावर चौकातलं डेबियन

खाली उज्जैनच्या टावर चौकात चाटच्या गाड्यांवर गर्दी. वर मी एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली चढवतोय. इंटेलच्या यंत्रात आत काय काय आहे, हे फर्मवेअरच कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, सांगतं. बऱ्याच एआरएम यंत्रांत ते ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या फाइलीतून कळवावं लागतं: कीबोर्ड कुठल्या बसवर, पडद्याला वीज कुठून, सगळं ओळीओळीनं. योग्य फाइल जोडली आणि मुका टचपॅड चालू लागला. कुणा अनोळखी माणसानं ती लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवली, याचं मोल मोठं आहे. 64 बिटी एआरएमसाठी डेबियन 2015 पासून अधिकृतपणे मिळतं, आणि इन्स्टॉलर मराठीतही चालतो. उज्जैनमधल्या आमच्या घरात मराठी टिकली ती रोजच्या बोलण्यामुळे. संगणकावरही ती वापरली तरच टिकेल. म्हणून मुलांच्या खात्याची भाषा मराठीच ठेवली.